पावसात वाहून जाणारी डाउनहिल वाट: आधी हात मोजा, मग मीटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाडीमागच्या सड्यावरून (कातळाच्या सपाट माळावरून) खाली वहाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, तुम्ही सात जणांनी गेल्या हिवाळ्यात डाउनहिलची, म्हणजे सायकलने डोंगर उतरायची, लाइन काढली. सरळ रेषेत 400 मीटर, उंचीत फरक साधारण 90 मीटर. बर्म (वळणाच्या बाहेरच्या कडेला उचललेला मातीचा बांध), दोन जंप, एक लाकडी ड्रॉप (एकदम खाली उतरायची उंच पायरी), सगळं हौसेने केलंत. जून-जुलैच्या पावसात ते वाहून गेलं. त्याआधी मे महिन्यात बाहेरची पोरं चालवून गेली, तुमच्यातल्याच कुणीतरी मधून दोन शॉर्टकट पाडले आणि खालच्या काजूबागेच्या मालकांनी काट्यांच्या फांद्या टाकून वाट बंद केली. आता गणपती झाले, पुन्हा हात शिवशिवतायत. तुम्ही विचारताय की यंदा बर्म सिमेंटने पक्के करावेत का, आणि बाहेरच्यांकडून माणशी पैसे घ्यावेत का.

दोन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे, पण का ते सांगायला जरा लांबून यावं लागेल. मी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो. चौदा वर्षांत संगमेश्वर आणि राजापूर या दोन तालुक्यांत मिळून तीन ट्रेल बांधले. पहिला दोन पावसाळ्यांत मेला. दुसरा मालकाने बंद केला, आणि त्यात चूक आमची होती. तिसऱ्याचं हे अकरावं वर्ष. म्हणजे पुढे लिहितोय त्यातलं निम्मं चुकून शिकलेलं आहे. तुमची जागा मी पाहिलेली नाही. कातळ किती, माती किती खोल, वरून पाणी किती उतरतं यावर पुष्कळ बदलतं, ते त्या त्या ठिकाणी सांगेनच.

तुम्ही पाऊस, बाहेरचे आणि मालक अशी तीन वेगवेगळी दुखणी सांगितलीत. मला त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते: सात माणसांना झेपेल त्यापेक्षा जास्त वाट तुम्ही काढून ठेवलीत. आपल्याकडे एक माणूस वर्षभरात साधारण 60 मीटर नीट सांभाळू शकतो, असा माझा हिशेब आहे. सांभाळणं म्हणजे मे अखेरीस पाणी काढायच्या जागा मोकळ्या करायच्या, भर पावसात दोन-तीनदा बघून यायचं, दसऱ्याच्या आसपास गवत बेणायचं आणि मग मोडलेलं पुन्हा चोपून बसवायचं. नोकरी-धंदा सांभाळून एवढंच होतं. सात जणांचे झाले 420 मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

आधी पाण्याचं बघू. रत्नागिरीच्या पट्ट्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बाहेरच्या व्हिडिओंत दिसणारे ट्रेल बहुतेक कोरड्या मुलखातले असतात. त्यांचं बघून आपण आकार उचलतो, पण त्या आकारांवर एवढं पाणी कधी पडलेलंच नसतं.

माझा पहिला ट्रेल असाच सड्याच्या कडेवरून थेट खाली काढला होता. पहिल्याच जुलैत मी छत्री घेऊन बघायला गेलो. पाऊस असा की समोरचं काजूचं झाड पुसट दिसत होतं. खिशात कुरमुऱ्यांची पुडी होती. काय सुचलं कोण जाणे, वरच्या टोकाला मूठभर कुरमुरे वाटेतल्या पाण्यात टाकले आणि त्यांच्या बरोबरीने खाली चालत निघालो. ते कुठेच वाटेबाहेर गेले नाहीत. बर्मला वळसा घालून, जंपच्या पायथ्याशी गोल फिरून, पुढच्या वळणातून, चाळीस-पन्नास मीटर माझ्याबरोबर आले. पाण्याचा रंग वर चहासारखा होता, खाली येईतो विटेसारखा लाल झाला. आम्ही चार महिने राबून त्या डोंगराला एक नवा पऱ्ह्या, म्हणजे पावसाळी ओहळ, खणून दिला होता. पुढच्या पावसाळ्यानंतर त्यात गुडघाभर खोल घळ होती, आणि सायकल सोडा, गुरंसुद्धा त्यातून उतरेनात.

तुमची लाइन सरळ उताराच्या दिशेनेच आहे, हे तुमच्या आकड्यांवरून कळतं. 400 मीटरला 90 म्हणजे 22 टक्क्यांच्या वर. अमेरिकेत 1988 साली स्थापन झालेली इम्बा नावाची माउंटन बाइकवाल्यांची संघटना आहे. तिने रूढ केलेला एक साधा नियम असा की वाटेचा उतार हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. म्हणजे तुमच्याकडे फार तर 11 टक्के. निम्म्यापेक्षा जास्त झाला की पाण्याला आडवं निसटण्यापेक्षा वाटेनेच पळणं सोपं वाटतं. सरासरी 10 टक्के धरा, 10 मीटर चाललात की 1 मीटर खाली. मोजायला मोबाइलमधलं उतार मोजायचं ॲप चालतं, पण मला गवंड्याची पाण्याची नळी जास्त खात्रीची वाटते. दोघांनी दोन टोकं धरायची, चुकायला जागाच नाही.

इथे तुम्ही म्हणाल, 10 टक्क्यांत डाउनहिलची मजा काय राहिली? रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्याच जमिनीत आहे. सड्याचा कातळ वाहून जात नाही. तीव्र उतार, ड्रॉप, पोटात गोळा आणणारं जे काय असेल ते कातळावर ठेवा. मातीत वाट निवांत, वळणावळणाची ठेवा. तुमच्या वरच्या भागात कातळाच्या पायऱ्या आहेत असं लिहिलंयत. तिथे 100 मीटरमध्ये 25 मीटर उतरलात तरी पावसाला नेण्यासारखं काही नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. कातळावर जांभ्याचे गोल खडे साठतात, टायरखाली ते गोट्यांसारखे फिरतात. दर वेळी चालवण्याआधी झाडूने लोटून काढा, हसू नका, खराट्याने दहा मिनिटांत होतं. आणि सावलीतल्या कातळावर शेवाळ धरतं. उन्हातला कातळ ऑक्टोबरअखेर कोरडा खडखडीत होतो, झाडाखालचा डिसेंबरपर्यंत बुळबुळीत राहतो. म्हणून तीव्र तुकडा उघड्या कातळावरच घ्या.

मातीच्या भागात पाणी दर 10-12 मीटरला वाटेबाहेर गेलं पाहिजे. त्यासाठी चर खणू नका, चर पहिल्या पावसात पाचोळ्याने भरतात. वाटच अशी काढा की ती उतरता उतरता हातभर वर चढेल आणि परत उतरेल. खालच्या टोकाला, म्हणजे चढ सुरू होतो तिथे, दरीकडची बाजू मोकळी ठेवा. पाण्याला चढता येत नाही, ते तिथून बाहेर पडतं. सायकलवाल्याला तोच रोलर, म्हणजे गोलसर उंचवटा, वाटतो आणि मजा येते. इम्बावाले हे अंतर 15 मीटरपर्यंत चालेल म्हणतात. आपल्या पावसाला मी 12 च्या पुढे जात नाही. 400 मीटर मातीत असे पस्तीसेक उलटे चढ होतात. काम आहे, पण एकदाच.

वाट खणताना पूर्ण रुंदी डोंगरात कापून घ्या. अर्धी कापून निघालेली माती बाहेरच्या कडेला टाकून रुंदी वाढवायचा मोह होतो. ती भर पहिल्याच आषाढात बसते आणि कडा ढासळते. निघालेली माती लांब, उतारावर पसरून टाका, किंवा घमेल्यांनी जंपसाठी वर न्या. वाटेला दरीच्या बाजूला किंचित कलही हवा, 1 मीटर रुंदीला 5 सेंटिमीटर. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला कळतो.

बर्ममध्ये मात्र हे उलटं असतं, तो आतल्या बाजूला कललेला असतो, म्हणून पाणी त्याच्या पोटात साठतं. तुमचे बर्म गेले ते माती कच्ची होती म्हणून नाही. पाणी आत तुंबलं आणि मग एका जागी फोडून निघालं. प्रत्येक बर्मच्या वर एक उलटा चढ हवा, म्हणजे वरचं पाणी त्यात येणारच नाही, आणि बाहेर पडताना आतल्या कडेने पाण्याला निसटायला जागा. सिमेंट नको म्हणतो ते यासाठीच. सिमेंटचा थर वर राहतो, पाणी खालून माती नेतं, आणि मग एक दिवस पोकळ पापुद्रा सायकलसकट बसतो. शिवाय दुसऱ्याच्या जमिनीत सिमेंट ओतलंत की ते बांधकाम झालं. त्यावर पुढे बोलतो.

वळण खूपच झिजत असेल तर चिरेखाणीवरचे टाकाऊ तुकडे आणा. ते फरशीसारखे आडवे बसवायचे नाहीत, उभे गाडायचे, दोन तृतीयांश जमिनीत आणि एकमेकांना घट्ट टेकून, फटीत मुरूम ठोकून. कापलेली गुळगुळीत बाजू खाली, खडबडीत बाजू वर. आडवा चिरा दोन महिन्यांत हलायला लागतो. उभे गाडलेले माझ्या तिसऱ्या ट्रेलवर सात वर्षं जागचे हललेले नाहीत. दगड उचलताना बोटं खाली घालू नका. पहारीने असा कलवा की उघडी बाजू आपल्यापासून लांब राहील. सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, वीतभर-हातभर, दगडाच्याच रंगाचं. ते खवले घासून करवतीसारखा खसखस आवाज करतं, पण कुदळींच्या गोंगाटात तो ऐकू येत नाही. आमच्यातल्या एकाला दंश झाला होता. गाडी खालीच उभी होती आणि कुठल्या दवाखान्यात सर्पदंशाची लस असते ते आधी विचारून ठेवलेलं होतं, म्हणून निभावलं. तुम्हीही कुदळ मारायच्या आधी तेवढी चौकशी करून ठेवा.

जंपची माती कशी बसवायची हे शिकायला इंटरनेट नको, घरातल्या आजीला विचारा खळं कसं करतात. मुरूम आणि चिकट माती मिसळायची, ओल अशी की मुठीत लाडू वळावा पण हाताला लागू नये, चार बोटांचा थर टाकायचा, चोपायचं, मग पुढचा थर. आम्ही पहिल्यांदा एकदम ढीग घालून वरून फावड्याने थापला होता. बाहेरून छान दिसला, आतून भुसभुशीत. मे अखेर जंपच्या तोंडावर आणि बर्मवर नारळाचे झाप टाकून दगडाने दाबून ठेवा. निळी ताडपत्री वाऱ्याने फाटते, आणि नंतर तिचे तुकडे आंब्याच्या बागेत सापडतात. लाकडी ड्रॉप परत बांधू नका. माझा ॲकेशियाचा ड्रॉप वरून ठणठणीत होता, आतून वाळवीने पोखरलेला. तो मोडला तेव्हा मीच त्यावर होतो, खांद्याचं हाड अजून पाऊस आला की दुखतं. जमिनीला लाकूड टेकलं की आपल्याकडे ते वाळवीचं. दगडाचा ड्रॉप करा.

आणखी एक, जंप टेबलटॉप, म्हणजे वरून सपाट, ठेवा, मधे खड्डा नको. तुमच्यात दोघांकडे फुल सस्पेन्शन (दोन्ही चाकांना धक्के शोषणारी) सायकल असेल, बाकीचे हार्डटेलवर, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला 100 मिलिमीटरचा धक्के शोषणारा फोर्क असलेल्या सायकलवर, उतरणार. तुमच्यातल्या सगळ्यात साध्या सायकलला वरून नुसतं लोळत जाता येईल असंच सगळं बांधा. ज्याला उडायचंय तो वेगाने येऊन उडेल. वळणाआधी जे ब्रेकचे खळगे पडतात त्यांचंही तसंच. ते दर वर्षी बुजवत बसण्यापेक्षा वळणाच्या आधी छोटा चढ घ्या, वेग आपोआप उतरतो आणि कुणी ब्रेक दाबत नाही.

कधी काम करायचं? आत्तापासून. परतीचा पाऊस येईतो फक्त फिरा आणि पाणी बघा, कुरमुरे घेऊन गेलात तरी चालेल. ऑक्टोबरात जमीन ओली-मऊ असते, कुदळ लोण्यात गेल्यासारखी जाते. तोच खणायचा महिना. अडचण एवढीच की तेव्हाच भातकापणी असते, वाडीतलं कुणी मदतीला येणार नाही, आणि तुमच्या घरीही शिव्या बसतील. डिसेंबरनंतर मुरूम लोखंड होतो. जून ते दसरा ट्रेल बंद, स्वतःसाठीसुद्धा. ऑक्टोबरात उघडायचा की नाही हे टायरच्या ठशावर ठरवा: ठसा बोटाच्या एका पेराहून खोल उमटला तर घरी जायचं.

आता कुठे खणायचं नाही ते. वाडीच्या डोक्यावर खणू नका, कितीही छान उतार असला तरी. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गावावर दरड आली. त्यानंतर डोंगरात कुणी कुदळ मारताना दिसला की खालची माणसं घाबरतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. जांभ्याच्या थराखाली चिकट पांढरट-पिवळी माती असते. ती उघडी पडली की पाणी पिऊन मऊ पडते. खणताना तसा रंग दिसला तर थांबा, बुजवा, लाइन बदला. देवराईत चाक घालायचं नाही, हे मी सांगायला नको. आणि सड्यावर लाइन ठरवण्याआधी कातळशिल्पं आहेत का ते नीट बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण यादीत नसलेलीही कितीतरी खोद-चित्रं सड्यांवर पडून आहेत. दुपारच्या उन्हात ती दिसतच नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना चालत फिरा. गुराख्यांना विचारा, त्यांना ठाऊक असतं.

आता मालक. हा भाग मला सगळ्यात महाग पडला.

दुसऱ्या ट्रेलला आमच्याकडे तोंडी परवानगी होती. काका भले माणूस, येताजाता पाणी विचारायचे. तिसऱ्या वर्षी एका सकाळी वाटेवर करवंदीच्या जाळ्या टाकलेल्या. आम्हाला वाटलं कुणीतरी कान भरले. भांडायच्या तयारीने गेलो. त्यांनी काही न बोलता गडग्यापाशी, म्हणजे बागेच्या रचलेल्या दगडी कुंपणापाशी, नेलं. वरचे चार-पाच दगड खाली पडलेले, आमच्याच कुणाच्या तरी चाकाने, आणि त्या खिंडारातून गुरं आत शिरून नवी लावलेली कलमं खाऊन गेली होती. "सायकली खेलवा की, पन ह्यो गडगा कोन रचनार?" एवढंच म्हणाले. आम्ही दोन तासांत गडगा रचून दिला. तरी वाट उघडली नाही. खूप दिवसांनी खरं कारण कळलं. मुंबईतल्या पुतण्याने त्यांना सांगितलं होतं की ही पोरं उद्या वहिवाटीचा हक्क सांगतील आणि जमीन विकताना अडचण येईल.

ही भीती खुळी नाही. 1882 च्या सुखाधिकाराच्या कायद्यात, वाट 20 वर्षं उघडपणे, विनाअडथळा आणि आपला हक्क म्हणून वापरली तर तसा हक्क उभा राहू शकतो. पण परवानगीने वापरलेल्या वाटेवर तो उभा राहत नाही. म्हणून आता मी मालकाला आधीच एक कागद देतो, आमच्या सगळ्यांच्या सह्यांचा: आम्ही तुमच्या परवानगीने येतो, आमचा कसलाही हक्क नाही, तुम्ही सांगाल त्या दिवशी बंद करू, गडग्याचं आणि झाडांचं नुकसान आम्ही भरून देऊ. गावातल्या वकिलाकडून एकदा वाचून घ्या. गंमत बघा, आपण परवानगी मागणारा कागद घेऊन गेलो की माणूस सही करायला कचरतो. आपणच हक्क सोडल्याचा कागद दिला की तो मोकळा होतो. तिसऱ्या ट्रेलला हाच कागद आहे.

कागदाआधी सातबारा काढा. आपल्याकडे एका गटात पंधरा-वीस नावं असतात, निम्मी मुंबईत. सगळ्यांच्या सह्या मिळणं अवघड. निदान जमीन कसणारा आणि गावात राहणारे हिस्सेदार यांना विचारा, बाकीच्यांना शिमग्याला किंवा गणपतीत आले की भेटा. आणि इतर हक्कांचा रकाना वाचा. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल थोडं, बहुतेक डोंगर खाजगी मालकीचे. पण 1975 च्या खाजगी वनांच्या कायद्यामुळे काही सातबाऱ्यांवर वनाची नोंद असते. तशी नोंद असेल किंवा जागा राखीव वनात असेल तर मालकाच्या हो म्हणण्याने काही होत नाही. राखीव वनात विनापरवाना जमीन फोडणं हा 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. आधी वनरक्षकाला भेटा, मग परिक्षेत्र कार्यालयात.

वाट फक्त तुमची नाही, हेही धरून चाला. सड्यावर जाणारी गुरं, मोळी घेऊन उतरणाऱ्या बायका, काजू वेचणारे, शिमग्याची पालखी, हे सगळे तुमच्या आधीपासून त्या डोंगरात आहेत. पाखाडीवरून, म्हणजे गावातल्या दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, सायकल घालायचीच नाही, रिकामी असली तरी. जिथे तुमची लाइन पायवाट ओलांडते तिथे आधी दोन उलटसुलट वळणं आणि चढ घ्या, म्हणजे येणारा चालण्याच्या वेगावर आलेला असेल, आणि दोन्ही बाजूंची झुडपं बेणून समोरचं दिसेल असं करा. माणूस किंवा गुरं दिसली तर सायकलवाल्याने उतरायचं, बाजूला उभं राहायचं. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला तुमच्यासाठी थांबायला लावू नका. बेडं (बागेचं फाटक) उघडलं तर लावून घ्यायचं. काजू-आंब्याला हात लावायचा नाही, खाली पडलेल्यालासुद्धा. फेब्रुवारीपासून डोंगरात काडी पेटवायची नाही. एक वणवा लागला की तो तुम्ही लावला नसला तरी तुमच्याच नावावर जाईल.

बाहेरच्यांकडून पैसे घ्यावेत का? पैसे घेतलेत की तो गिऱ्हाईक झाला. मग वाट चांगली हवी हा त्याचा हक्क, पडला तर विचारणार तुम्हालाच, आणि मालक म्हणणार माझ्या जमिनीवर धंदा करता, माझा वाटा किती? तिन्ही बाजूंनी अंगाशी येतं. आमच्याकडे येणाऱ्याने आधी फोन करायचा, आणि पहिला तास काम करायचं. दोन घमेली मुरूम वर नेऊन टाकला की मग कितीही फेऱ्या मार. एक तास राबलेला माणूस वळणात चाक लॉक करून माती खरवडत नाही, मी हे इतक्यांदा पाहिलंय. जे काम टाळतात ते दुसऱ्यांदा येतच नाहीत, तेही बरंच. वाटेचा नकाशा सायकलवाल्यांच्या ॲपवर टाकू नका. टाकला असेल तर आजच काढा. हेल्मेटशिवाय कुणालाही वर जाऊ द्यायचं नाही, यात ओळखपाळख नाही.

राहता राहिले तुमचेच शॉर्टकट पाडणारे. त्याचा राग येतो, पण शॉर्टकट पडतो तिथे बहुतेक वेळा लाइनच चुकलेली असते. वळण खूप हळू आहे किंवा समोर पुढचा भाग दिसतोय आणि वाट उगाच लांबून जातेय. आधी ते तपासा. मग शॉर्टकटच्या तोंडाशी आणि शेवटाशी काट्या नको, दगड आणि पालापाचोळा टाका, दोन झुडपं लावा, म्हणजे तो दिसेनासा होईल. आणि वाटणी करा. आमच्याकडे प्रत्येकाच्या नावाचा टप्पा आहे, भावाभावांत गडगा वाटून घेतात तसा. ज्याचा टप्पा त्यानेच सांभाळायचा. लाइन बदलायची तर सगळ्यांनी एकत्र चालत जाऊन ठरवायची. ज्याने सलग दोन वर्षं टप्पा सोडला, त्याचे तेवढे मीटर आम्ही बंद करून टाकतो. होय, बंद. तिसऱ्या ट्रेलचा खालचा तुकडा असाच गेला, चांगला होता, दोन मित्र नोकरीसाठी पुण्याला गेले. गवत वाढलं, आता ओळखूही येत नाही.

तर तुमच्या जागी मी यंदा काय केलं असतं: वरचा 100 मीटर कातळ ठेवला असता, तिथे 25 मीटर उतार. त्याखाली माती, 10 टक्क्यांनी 400 मीटर नागमोडी, तिथे 40 मीटर. झाले 65. तुम्ही लिहिलंय की मधून मुरमाचा कच्चा रस्ता जातो. तो साधारण त्याच उंचीवर असावा. तिथेच ट्रेल संपवायचा. सात जणांना 400 मीटर माती झेपते, कातळाला फारसं काही लागत नाही, आणि सायकली परत वर न्यायला रस्ताही हाताशी. उरलेले 25 मीटर, म्हणजे काजूबाग ते वहाळ, हा भाग विसरून जायचा. मालकांनी काट्या टाकल्यात तिथपर्यंत जायचंच नाही. तरी त्यांच्याकडे जा, वाट मागायला नाही, गडगा कुठे पडलाय का बघायला.

रस्ता नक्की किती उंचीवर येतो ते नळीने मोजा, आणि वरच्या गटाच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत काय लिहिलंय तेही कळवा. तिथे वनाची नोंद निघाली तर कातळाच्या तुकड्याचं काय करायचं ते वेगळं बोलावं लागेल.